आग्नेय कोपरा तेवढा गार

पिनर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्काच्या पायांशी श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार.

इतकी वर्षं पत्रात लिहीत आलो तो साष्टांग नुसता शाईतला होता. आजचा खरा आहे. मी आत्ता आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर पालथा पडलो आहे, छातीखाली उशी आहे आणि कागद नाकापासून वीतभर लांब आहे, तेव्हा अक्षर कुठे घसरलं तर सांभाळून घे. एकाहत्तर वर्षांचा माणूस असा पडलेला दिसला की इथे लोक ॲम्ब्युलन्स बोलावतात. (मागच्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहून खरोखरच बोलावली. दोघं आले, माझी नाडी पाहिली, मग जमिनीला हात लावून पाहिला, बूट काढले आणि चहा होईपर्यंत इथेच टेकले.) नंदा कामासाठी येता-जाता मला सरळ ओलांडून जाते. लहानपणी तू म्हणायचीस, निजलेल्याला ओलांडू नये, वाढ खुंटते. आता खुंटायला काही शिल्लक नाही, त्यामुळे मी तिला अडवत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून एकेक पायरी करत उतरतेस की वरच बसून कामवालीला हाका मारतेस? तिळाचं तेल लावतेस ना? अजय पुण्याहून पंधरा दिवसांनी येऊन जातो की नुसता फोनवर येतो? इकडे नंदाची तब्येत चांगली आहे आणि माझी तर इतकी चांगली आहे की उठावंसंच वाटत नाही. चांदीच्या वाटीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. (माझ्या उष्टावणाची वाटी, जी आई गेल्यावर सामानाची आवराआवर तू केलीस तेव्हा गेली ती गेलीच. अजयच्या मुलीच्या उष्टावणाच्या फोटोत पाटाशेजारी एक वाटी चकाकते आहे, ती मी भिंगातून पाहिली आहे. पस्तीस वर्षं विचारतो आहे आणि तू उत्तर देत नाहीस, तेव्हा झालं गेलं गंगेला मिळालं.)

तर मुद्दा असा की आमच्या घराला खालून ऊब आली आहे. भिंतीवरचे ते जुने रेडिएटर तुला आठवत असतील, वरच्या मजल्यावर पापड भाजावेत इतके तापायचे आणि खाली स्वयंपाकघरात नुसते शोभेला असायचे. दर हिवाळ्यात मी किल्ली घेऊन त्यांच्यातली हवा सोडत फिरायचो आणि ते माझ्या बाहीवर काळं पाणी सोडायचे. शेवटी कुश वॉटफर्डहून आला (आपला मुलगा मराठी बोलतो हे आम्ही अभिमानाने सांगतो, कसं बोलतो ते सांगत नाही) आणि म्हणाला, “बाबा, रेडिएटर्स आर फिनिश्ड. खाली पूर्ण फ्लोरमध्ये पाइप टाकू. पाणी फक्त थर्टी-फाइव्ह डिग्री, पण तुमची पाय ऑलवेज गरम राहील.” मी त्याला म्हटलं, विचार करून सांगतो. विचार मला करायचा नव्हता. मी एकोणीस वर्षं हेच ऐकायची वाट पाहत होतो.

कारण तू. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत तू तीन महिने राहायचं म्हणून आलीस आणि एकोणिसाव्या दिवशी परत गेलीस. स्वयंपाकघरात सपाता घालणार नाही हा तुझा हट्ट. रोज आंघोळ झाली की त्या आग्नेय कोपऱ्यात, मागच्या दारापाशी, उघड्या फरशीवर बसून तू वास्तुपुरुषासमोर निरांजन लावायचीस, साखरेचा नैवेद्य दाखवायचीस आणि काहीतरी पुटपुटत चांगली वीस मिनिटं बसायचीस. मग गारठलेले हात शेकायला म्हणून वर जाऊन गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाशी उभी राहायचीस. तुझे गुडघे त्या फरशीने खाल्ले. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून तू मला म्हणालीस, “श्रीनिवास, घर तुझं गुणी आहे, पण त्याचे पाय गार आहेत. मी आता यायची नाही.” तू एकदा नाही म्हटलंस की नाही, हे मला चौथीपासून माहीत आहे. तरी त्या दिवसापासून माझ्या मनात एकच आहे, तुझे पाय एकदा या घराला पुन्हा लागावेत. (ये म्हणत नाही. नुसतं मनात काय आहे ते लिहिलं.)

काम घेतलं सोलोमन पेणकर यांनी. इल्फर्डला राहतात, वय सहासष्ट, आणि पहिल्या दोन दिवसांत आमच्याशी फक्त इंग्रजी बोलले. तिसऱ्या दिवशी हातोडी अंगठ्यावर बसली आणि तोंडातून “आई गं” निघालं, तेव्हा नंदाचं थालीपीठ तव्यावरच राहिलं. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू, आजोबा पेणचे, स्वतः मुंबईत वाढलेले. शुक्रवारी सूर्य कलायच्या आत इल्फर्डला पोचलेच पाहिजेत, शनिवारी कामाला हात लावत नाहीत, रविवारी सकाळी आठला दारात. त्यांच्या पणजोबांना गावात शनवार तेली म्हणत, ते तेलाचा घाणा चालवायचे. सोलोमन म्हणतात, “आमचं पूर्वी तेल फिरायचं, आता मी पाणी फिरवतो.” शांत माणूस. बोलतात कमी आणि पाइप वाकवताना डोळे मिटतात.

नंदाने मात्र रेडिएटर काढायला कडाडून विरोध केला. तिचं सगळं स्वयंपाकघर त्यांच्यावर चाले: दह्याचं विरजण हॉलमधल्या रेडिएटरवर, मटकीला मोड आणायचे ते जिन्याखालच्यावर, वाती वळून झाल्या की कापूस न्हाणीघरातल्यावर. ती त्या वेळी रागाने म्हणाली, “या घरात कधी म्हणजे कधी दही लागायचं नाही आता.” मी तिला म्हटलं, असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. आणि म्हटल्यावर मीच चपापलो. का चपापलो ते आता सांगतो. अक्का, हातात पाण्याचा पेला असेल तर खाली ठेव.

एकोणीसशे नव्वद साली आम्ही हे घर घेतलं तेव्हा तू कुणाबरोबर तरी तांब्याची डबी पाठवलीस, लाल फडक्यात शिवून, तुझ्या त्या बारीक टाक्याने (शाळेत पोरी ज्याला अक्काबाईंचा टाका म्हणायच्या). बरोबर सूचनांचा कागद, तो मला अजून पाठ आहे: भटजी बोलाव, डबी उघड, पूजा कर, आग्नेय कोपऱ्यात हातभर खड्डा करून प्रतिमा पालथी ठेव आणि वर फरशी बसव. आता तूच सांग. नवं घर, खाली काँक्रीट, वर नंदाने हौसेने बसवून घेतलेल्या फरश्या, आणि भटजी एकच, तो लेस्टरला. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात करू. मग तुझा फोन आला, झाली का वास्तुशांत, आणि माझ्या तोंडातून “झाली” निघून गेलं. एवढंच झालं अक्का. एक शब्द. मी डबी एका तपकिरी लोकरी मोज्यात घातली आणि वर टाकीच्या कपाटात, टाकीच्या मागे, उबेला ठेवून दिली. पस्तीस वर्षं तो वास्तुपुरुष या घरातला सगळ्यात गरम माणूस होता.

एका खोट्याला टेकू द्यायला पुढे किती खांब लागतात ते मी तुला सांगायला नको. तू दर दिवाळीला फोनवर विचारायचीस, “प्रतिमा कशी होती रे?” मी म्हणायचो, सुरेख, नाकीडोळी नीटस, आणि वर सोन्याचा मुलामा तर असा काही! तू म्हणायचीस, “असं का,” आणि मग फोनमध्ये थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मला वाटायचं लाइन खराब आहे. आणि दोन हजार सहात तू आलीस, पहिल्याच सकाळी विचारलंस, कुठे पुरला, आणि मी बोट दाखवलं. तू तिथे बसलीस. खाली काही नव्हतं. एकोणीस दिवस मी चहा पीत तुझी पाठ पाहत होतो आणि माझी जीभ उचलली नाही. तुझे गुडघे फरशीने खाल्ले असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. माझ्या खोटेपणाने खाल्ले. मला लाज वाटते, अक्का. फार वाटते.

(इथे माझा डोळा लागला होता. उजवीकडचा डाग शाईचा आहे, अश्रूंचा समजू नकोस. थोडा अश्रूंचाही आहे.)

ऑगस्टात सोलोमननी खालची जमीन उकरली, तीच वेळ वरची जुनी टाकी काढायची. म्हणजे एकाच आठवड्यात इकडे खड्डा मोकळा आणि तिकडे देव बेघर. टाकीमागून मोजा काढला तर टाचेला निळ्या दोऱ्याने सुबक रफू (नंदाने कधीतरी कपाट आवरताना केलं असणार, बोलली नाही, मोठं मन). मी तो वरच्या खोलीत उशीखाली घेऊन झोपलो. खाली जमिनीवर ऊब धरून ठेवणारे फोमचे जाड तक्ते अंथरले होते आणि त्यांवर पांढऱ्या पाइपांची वेटोळी, चकलीसारखी, एका खोलीला एक, क्लिपा मारून. दुसऱ्या दिवशी आठ वाजता पातळ सिमेंटचा लोट येणार होता, त्याला हे लोक स्क्रीड म्हणतात, आणि मग सगळं कायमचं झाकलं जाणार होतं. सकाळी सहाला मी आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात पाव कापायची सुरी घेऊन खाली उतरलो.

आग्नेय कोपऱ्यात तक्त्याला डबीएवढं भोक पाडायला पाच मिनिटं लागली. पण वरून पाइप जात होते. मी म्हटलं, देवाच्या पाठीवरून गरम पाणी कसं न्यायचं? पालथा असला तरी देव आहे. म्हणून मी क्लिपा उपटल्या आणि दोन्ही पाइप भक्तिभावाने भिंतीकडे सारून, मोकळं दोन फुटी आसन करून दिलं. डबी उघडली नाही. पूजेला भटजी नव्हता, आणि पस्तीस वर्षांनी त्याला तोंड दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं. मोजा काढला, फडक्यासकट डबी ठेवली, चार अक्षता टाकल्या आणि म्हटलं, उशीर झाला, सांभाळून घे. आठला लोट आला आणि माझं खोटं एकदाचं खरं झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी मागच्या अंगणात जाऊन शेजारच्या मांजराशी मराठीत गप्पा मारल्या.

त्यानंतर वाट पाहणं आलं. हा थर दिवसाला एक मिलिमीटर वाळतो आणि वाळल्याशिवाय ऊब सोडायची नाही, नाहीतर तडे जातात. पन्नास दिवस आम्ही वरच्या मजल्यावर एका किटलीवर आणि कुशच्या बायकोने पाठवलेल्या डब्यांवर काढले. मग ऑक्टोबरात एका सकाळी सोलोमननी पितळी नळांच्या पट्टीवरचे कान एकेक करून फिरवले. पट्टीवर छोट्या काचेच्या नळ्या आहेत, त्यांत लाल खुणा हळूहळू खाली उतरल्या: पाणी चालू लागलं. मी लगेच वाकून हात लावला. गार. तासाने लावला, गार. सोलोमन म्हणाले, “साहेब, हिला घाई चालत नाही. अर्धा दिवस घेते गरम व्हायला, आणि मग अर्धा दिवस विसरत नाही.”

आणि संध्याकाळी ती ऊब आली. कशी सांगू? रेडिएटरची ऊब अंगावर यायची, ही येत नाही, आपणच तिच्यात उतरतो. आधी वाटतं आपण जमिनीवर पडलो आहोत, मग वाटतं जमीन आपल्याला हलकेच धरून आहे. पाणी ओट्याच्या पुढून निघतं, टेबलाखालून जातं, नंदाच्या खुर्चीखालून वळतं आणि जरा निवून परत येतं. आवाज मुळीच नाही, तरी मला तो ऐकू येतो. नोव्हेंबरात इथे दुपारी तीनलाच उजेड मऊ होतो, अंगणातलं सफरचंदाचं झाड काचेवर सावली धरून उभं असतं, आणि मी डोळे मिटले की पाठीखाली कराडच्या घाटाच्या उन्हात तापलेल्या पायऱ्या लागतात. तू खालच्या पायरीवर परकर-पोलक्यात धुणं आपटते आहेस, मी पोहून ओल्या अंगाने आडवा आहे, आणि आई हाक मारील तेव्हा मारील. कुणाला कुठेही जायचं नाही. मग नंदा मला ओलांडते आणि मी पिनरला परत येतो.

हे माझ्याच बाबतीत होतं असं नाही. मंडळाची कमिटी आमच्याकडे जमली होती, पुढच्या गणपतीला हॉल कोणता घ्यायचा यावर, गेली तीन वर्षं ज्याच्यावरून दोन तट पडले आहेत. खुर्च्या पुरेनात म्हणून सगळे खाली बसले. दहा मिनिटांत विरोधी पक्ष भिंतीला टेकला, पंधराव्या मिनिटाला खजिनदार आडवे झाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला, कारण जागं एकच मत होतं. जाताना सगळ्यांनी एकमेकांच्या मुलांची चौकशी केली.

पण वास्तू तथास्तु म्हणाली होती. नंदाला एक दिवस संशय आला की जमिनीची ऊब सगळीकडे सारखी नाही. थर्मामीटर तिला पटत नाही. तिने सकाळी स्टीलच्या अकरा वाट्यांत कोमट दूध आणि विरजण घातलं आणि त्या सबंध स्वयंपाकघरात रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या मांडल्या (वाट्यांचा विषय तिने काढला आहे, मी नाही). दिवसभर आम्ही दोघं त्यांच्यामधून पाय उचलून चाललो. संध्याकाळी दहा वाट्यांत सुरीने कापावं असं दही. अकराव्या वाटीत सकाळचं दूध, जसंच्या तसं. अकरावी वाटी आग्नेय कोपऱ्यात होती. नंदा म्हणाली, काहीतरी पुरलं असावं तिथे. मी म्हटलं, छे.

माझ्या लक्षात आलं ते फार वाईट होतं, अक्का. देवाच्या पाठीला चटका नको म्हणून मी पाइप सारले, आणि सबंध घरात तुझी बसायची जागा तेवढी गार करून ठेवली. ज्या कोपऱ्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच. जमीन झाकल्यावर आता कुणाला सांगणार? तीन दिवस मी त्या कोपऱ्यावर स्वतः पडून राहिलो, माझ्या अंगाने तरी गरम होईल म्हणून. पडसं झालं.

आज सकाळी सोलोमन आले. त्यांच्याजवळ उष्णता रंगात दाखवणारा कॅमेरा आहे. सगळी जमीन नारिंगी, त्यात मागच्या दारापाशी एक निळा चौकोन. त्यांनी नंदाच्या वाट्यांची हकीकत ऐकली, कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी हा आणत नाही.” मग फोनवर स्क्रीडच्या आदल्या संध्याकाळचा फोटो उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. “साहेब, माझ्या फोटोत हे दोन पाइप सरळ आहेत. पाइप आपण होऊन चालत नाही.” मी पस्तीस वर्षांचं सगळं सांगितलं. नंदासमोर. नंदा ओट्याला टेकून ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली की मोज्यात काहीतरी आहे हे तिला माहीत होतं, तिला वाटलं मी सिगारेट लपवतो.

सोलोमननी छिन्नीने तो दोन फुटी चौकोन इतक्या जपून फोडला की पाइपाला ओरखडा नाही. डबी निघाली, फडकं सिमेंटने कडक झालेलं. ते गुडघ्यांवर बसले, दोन पाइपांमध्ये वीत धरून दाखवली आणि म्हणाले, “एवढी जागा दोघांच्या मध्ये असतेच. तुमच्या देवाला चार बोटं पुरतात. विचारायचं होतं ना.” विचारायचं होतं. हे मला कुणी १९९० सालीच सांगायला हवं होतं. मग त्यांनी डबी हातात तोलली आणि म्हणाले, त्यांच्याकडेही दाराच्या चौकटीला अशीच छोटी डबी असते, आत प्रार्थना लिहिलेली, आणि ती सात वर्षांत दोनदा उघडून पाहायची असते, आतलं अक्षर पुसट तर झालं नाही ना म्हणून. “तुम्ही पस्तीस वर्षांत एकदाही उघडली नाही?” असं विचारून ते दोन वाजता निघाले, कारण आज शुक्रवार. रविवारी येऊन पाइप सरळ करून खड्डा बुजवतील. डबी माझ्या नाकासमोर जमिनीवर आहे, गरम फरशीवर वाळत घातली आहे.

तर अशी कबुली. तू रागावशील, रागाव. पत्राने रागाव, फोनवर रागावलीस तर मला मधेच “लाइन खराब आहे” म्हणायची सवय आहे. अजयला आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा साष्टांग, जागेवरूनच.

तुझा,
श्रीनिवास

ता. क. मेतकूट संपलं आहे. कुणी येणारं असेल तर पावशेर पाठव. एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी ता. क. शनिवार, दुपार. पाकिटाला तिकीट लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही म्हणून पत्र घरीच राहिलं, ते बरं झालं. सोलोमनचं बोलणं मनातून जाईना. जेवणं झाल्यावर नंदाने बारीक कात्रीने तुझे टाके उसवले. आत वास्तुपुरुष पालथा निजला आहे, अंगठ्याएवढा, चांदीचा. सोन्याचा मुलामा कुठेही नाही. त्याच्याखाली घडी केलेला कागद होता. तुला आठवत असेलच, तरी उतरवून काढतो: “चि. श्रीनिवास, डबी उघडलीस म्हणजे पूजेला बसला असशील. ही प्रतिमा तुझ्या उष्टावणाच्या वाटीची केली आहे. वाटी तुझ्या घरी जावी ही आईची इच्छा. पण तू वाटी कुठेतरी विसरशील, पुरलेली वस्तू विसरता येत नाही. पोचल्याचं कळव. अक्का.”

मी कळवलं. त्याच दिवाळीत रागाने विचारलं, माझी वाटी कुठे आहे. म्हणजे तुला तेव्हाच कळलं. आणि तू मला खोटं पाडलं नाहीस, पस्तीस वर्षं वाटीचोर म्हणून ऐकून घेतलंस. अजयला आत्ता फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, कसली वाटी? तू त्याला कधी सांगितलंसुद्धा नव्हतंस. फोटोतली वाटी स्टीलची आहे.

आणखी एक. सोलोमनना कळवलं आहे की उद्या फक्त पाइप सरळ करा, खड्डा बुजवू नका. मी त्याच्यावर पाट ठेवला आहे. प्रतिमा तुझ्या हातानेच ठेवायची आहे, आणि तू म्हणशील त्या भटजीकडून, लेस्टर तर लेस्टर. वर ये म्हणत नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. ये, अक्का. अजय तुला आणून सोडायला तयार आहे, व्हिसाचे कागद कुश बघतो. जमिनीला तापायला अर्धा दिवस लागतो, म्हणून मी आत्तापासूनच लावून ठेवली आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवताना नंदाला म्हटलं, तू निदान त्या मोज्याला रफू केलंस. ती म्हणाली, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, मी तुमचा एकही मोजा रफू केलेला नाही आणि करणारही नाही. मग मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. निळा दोरा, बारीक टाका, आणि शेजारी ठेवलं ते लाल फडकं. एकच हात आहे. म्हणजे तू रोज वर जायचीस ती हात शेकायला नाही. तुला तो सापडला होता. तू त्याला नमस्कार करायचीस, त्याला वारा लागू नये म्हणून तू टाचेचं भोक बुजवलंस, आणि तरी दुसऱ्या दिवशी खाली येऊन, मी नंदासमोर खोटा ठरू नये म्हणून, त्या रिकाम्या कोपऱ्यात गार फरशीवर बसायचीस.

तो मोजा मी पायात घातला आहे. एकाच पायात, कारण दुसरा कुठे आहे देव जाणे. जमीन गरम आहे, तेव्हा मोज्याची काही गरज नाही. तरी तू येईपर्यंत काढणार नाही. (नंदा म्हणते, वन्सं, मग लवकर या.)